घरातली शाळा आणि बाहेरून येणारे पुस्तक

विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी आम्ही जुन्या आठवणी लिहाव्यात, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असणार. आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या लिहिणारेही पुष्कळ आहेत. परंतु दरवर्षी दसरा जवळ आला की एक प्रश्न आमच्या दाराशी येऊन उभा राहतो. त्याविषयी लिहिणे आम्हांस अधिक निकडीचे वाटते.

दसऱ्याच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून माणसे बिऱ्हाड बांधून कारखान्याला निघतात, ती पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. अशा वेळी एखादी माउली येते आणि विचारते, "सर, लेकराला संगं न्यावं लागतंय. पेटीत कोन्ती पुस्तकं टाकू?" मागे सांभाळायला म्हातारी उरलेली नसते, हंगामी वसतिगृहाचे अजून ठरलेले नसते, किंवा धाकट्याला राखण्यासाठी थोरलीची गरज असते. याच दिवसांत पुण्याहून एखाद्या माजी विद्यार्थ्याचा फोन येतो, "सर, मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवावं, असं आम्ही दोघं म्हणतोय. कोणता अभ्यासक्रम घ्यावा?" एकीला निवड नाही, दुसऱ्याला निवडीचा अंत नाही. प्रश्न मात्र एकच आहे. पाचवी ते आठवीच्या वयाचे मूल शाळेबाहेर शिकणार असेल, तर त्याच्या हाती काय द्यावे?

या वयाविषयी प्रथम दोन शब्द. चौथीपर्यंतचे मूल वाचायला शिकते. पाचवीपासून ते वाचून शिकू लागते. गोष्टीचे बोट सोडून ते कारणांच्या मागे लागते. 'असे का?' हा त्याचा आवडता प्रश्न असतो आणि त्याच वयात आपण त्याला 'मोठ्यांना उलट विचारू नये' असे सांगतो. नववी-दहावीत जी मुले गळतात, त्यांच्यापैकी अनेकांची गळती मनाने सहावीतच सुरू झालेली असते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या चार इयत्तांची पुस्तके निवडणे हे हलके काम नाही.

घरी शिकवण्याचा विषय निघाला की आमच्या पिढीच्या मनात प्रथम शंका उभी राहते, हे आम्ही लपवीत नाही. ज्यांच्या पूर्वजांना शाळेचे दार उघडे होते, त्यांना शाळा सोडण्याची भाषा सोपी जाते. आपल्याला ते दार लढून मिळाले आहे. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि आपल्या वस्त्यांपर्यंत तर शाळा क्वचितच पोचत असे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेस महाविद्यालय उघडले, तेव्हा मराठवाड्यातील आपल्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट दिसली. सवर्ण मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून बाबासाहेब शिकले. शिपायाने वरून पाणी ओतले तरच त्यांना प्यायला मिळे. त्या वर्गात टिकून राहण्यालाच अर्थ होता. म्हणून 'शाळा वाईट आहे, मूल काढून घेऊ' असे कोणी म्हणाला की आम्हांस वाटते, त्याने शाळा सुधारण्यासाठी काय केले ते आधी सांगावे.

तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्या शंकेवर थांबू नये. आपल्याच इतिहासात घरातल्या शाळेचा एक थोर दाखला आहे. तो म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ यांचे घर.

सुभेदारांनी आपल्या धाकट्या मुलाचा अभ्यास स्वतः करून घेतला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके त्यांनी त्याच्याकडून घोटून घेतली. पुस्तकाला पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण ठेवणारे सुभेदार आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. परंतु त्या घरातील दुसरी गोष्ट आपण फारशी सांगत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तीत त्यांनी ती सांगितली आहे. सुभेदार घरी मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. एके दिवशी मुलाने विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आहे आणि शूद्र व अस्पृश्यांची मानखंडना आहे, ते आम्ही का वाचावेत? सुभेदारांना हा प्रश्न रुचला नाही. मुलांनी सांगितले तसे करावे, असे म्हणून त्यांनी तो मिटवला. पुढे त्यांनी खुलासाही केला. आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव. द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी लहान स्थितीतली माणसे किती उंच गेली, हे वाचून तो जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाचे समाधान झाले नाही.

समाधानाची वाट घराबाहेरून आली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलावर कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर पडली होती. मुलाच्या सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. हा प्रसंग मॅट्रिकनंतरचा म्हणून सर्वत्र सांगितला जातो. बाबासाहेबांनी स्वतः मात्र तो इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरचा म्हणून नोंदविला आहे. चौथी धरा वा मॅट्रिक, पुस्तक कोवळ्या वयात मिळाले आणि त्याने पुढचा इतिहास घडवला.

या प्रसंगाकडे शिक्षक म्हणून पाहिले की तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, सुभेदारांनी भाषेचा पाया पक्का केला नसता तर ते चरित्र मुलाला वाचताच आले नसते. दुसरी, आवडत नसलेले पुस्तकही वाया गेले नाही, कारण त्यातून प्रश्न जन्मला. तिसरी आणि सर्वांत मोठी, इतका दक्ष, इतका त्यागी बाप घरात असूनही मुलाच्या प्रश्नाचे उत्तर घराजवळ नव्हते. ते सार्वजनिक बागेतून, सभेतून, परक्या माणसाच्या हातून आले. घर कितीही चांगले असो, त्याला बाहेरून पुस्तक येण्याची वाट मोकळी हवी. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

आता आमची चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील सहावीची एक मुलगी आईवडिलांबरोबर कारखान्याला गेली. आम्ही मोठ्या उत्साहाने तिच्या पेटीत सर्व विषयांची पाठ्यपुस्तके, एक जाडजूड गाइड आणि सहा वह्या घातल्या. एप्रिलात ती परतली. मराठीच्या पुस्तकाची पाने वाचून मऊ झाली होती. बाकीची पुस्तके कोपीत भिजून फुगली होती. गाइड चुलीच्या कामी आले होते. आम्ही तिची परीक्षा घेतली. दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत तिला शून्य गुण पडले. 'कच्ची' असा शेरा मारून आम्ही तिला मागच्या बाकावर बसवले.

काही दिवसांनी तिचे वडील सहज बोलून गेले की, उसाच्या वजनाची पावती वाचायचे काम सारी टोळी हिच्याकडे देत असे. आम्ही तिला बोलावून फळ्यावर १२.४५० असे लिहिले आणि हे काय, असे विचारले. ती तत्काळ म्हणाली, "बारा टन साडेचार क्विंटल." खेपांची बेरीज, उचलीतून झालेली वजावट, मुकादमाकडे राहिलेली बाकी, सारे तिच्या जिभेवर होते. दशांश अपूर्णांक तिला येत होते. ते तिला येतात हे आम्हांस ओळखता आले नव्हते. ती आठवीनंतर शाळेत आली नाही. तिच्या गळतीला कारणे अनेक असतील, परंतु त्यांत आमचा तो शेरा एक होता, असे आम्हांस आजही वाटते.

त्या वर्षापासून आम्ही पेटी भरण्याची रीत बदलली. आजच्या पालकांना उपयोगी पडेल म्हणून ती येथे मांडतो.

पेटीचा कणा बालभारतीचे पाठ्यपुस्तकच असावे. पाठ्यपुस्तके निर्दोष असतात म्हणून आम्ही हे म्हणत नाही. मूल परत येईल तेव्हा त्याच पानावर वर्ग उभा असेल, म्हणून म्हणतो. परतीची वाट बंद करणारा अभ्यासक्रम कितीही सुंदर असला तरी तो आपल्या मुलांच्या कामाचा नाही. पुस्तके आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवरही विनामूल्य उतरवून घेता येतात. २०२३-२४ पासून काही काळ पुस्तके चार भागांत, वहीची पाने जोडून निघाली. पुढे ती योजना मागे घेण्यात आली. तिचे गुणदोष काही असोत, कोपीवर जाणाऱ्या मुलाला एकच हलका भाग न्यायला मिळे, हा तिचा उपयोग आम्ही पाहिला. आता आम्ही स्वतः पुस्तकाचे भाग करून शिवून देतो.

सर्व विषय एकाच जोराने चालवू नयेत. मराठीचे प्रकट वाचन रोज व्हावे. ऐकणारी आई निरक्षर असली तरी चालेल; मूल अडखळते कोठे, हे तिला कळते. गणित रोज व्हावे आणि ते शक्यतो पावतीवरून, किराणा दुकानाच्या वहीवरून, वाढ्यांच्या विक्रीवरून व्हावे. पुस्तकातील रीत त्याच्याशी जोडून द्यावी. इंग्रजीची रोज पाच वाक्ये मराठीत व पाच मराठी वाक्ये इंग्रजीत करावीत. तर्खडकरांच्या काळची ही रीत अजून जुनी झालेली नाही. विज्ञान व भूगोल यांना रान हेच पुस्तक आहे. उसाचे पेर, मातीचा रंग, कालव्याचे पाणी, बीडहून कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जाताना ओलांडलेल्या नद्या, हे सारे वहीत नोंदवायला सांगावे.

हा विचार आमचा नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी होती आणि अभ्यासक्रमही सांगितला होता. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही धडे, असा तो होता. खेड्यातील शाळेत विषय थोडे असले तरी चालतील, मात्र ते कमी व्यवहारोपयोगी असता कामा नयेत, हे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळची पाठ्यपुस्तके बदलून नव्याने लिहावीत, असेही त्यांनी सुचवले होते. शेतकऱ्याच्या पोराच्या अंगाने अभ्यासक्रमाचा विचार करणारे हे निवेदन अध्यापक विद्यालयांत आजही बारकाईने वाचले जावे.

इतिहास व नागरिकशास्त्र या आमच्या विषयाबद्दल थोडे अधिक. सहावीत प्राचीन भारत येतो आणि त्यात बुद्ध येतात; सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधानाची उद्देशिका येते; आठवीत आधुनिक भारत येतो. घरी शिकवणाऱ्याने या तीन ठिकाणी थांबावे. उद्देशिका पाठ करून घेणे पुरेसे नाही. 'न्याय' या शब्दाचे उदाहरण कोपीवर कोणते, 'प्रतिष्ठा' कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, असे विचारावे. मुले जी उत्तरे देतात, ती मोठ्यांना ऐकवत नाहीत. म्हणूनच ती ऐकावीत.

पाठ्यपुस्तकाच्या कण्यावर मांस चढते ते अवांतर पुस्तकांनी. येथे आपल्यातच मतभेद आहेत. काही सहकारी म्हणतात, मुलांना लवकरात लवकर आपली दलित आत्मकथने द्या, म्हणजे त्यांना आपण कोण ते कळेल. काही पालक म्हणतात, ते सारे नको, इंग्रजी आणि विज्ञान तेवढे द्या. आमचे मत दोघांहून निराळे आहे. 'बलुतं' हा मोठा ग्रंथ आहे, पण तो अकरा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेला नाही. वेदना समजण्यापूर्वी ती पाठ झाली की मूल एक तर घाबरते, नाही तर निबर होते. उलट, आपल्या मुलांना आपला इतिहासच दिला नाही, तर वर्गात कोणी आडनाव विचारून हसले, त्या क्षणी ते निःशस्त्र उभे राहतात.

यावरचा मार्ग असा की, मुलाच्या वयाच्या माणसाचे अनुभव त्याला द्यावेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या छोट्या लेखनाचा पहिलाच प्रसंग १९०१ सालचा आहे. मसूरच्या स्थानकावर उतरलेली, वडिलांकडे निघालेली लहान मुले. त्यांची जात कळताच गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही आणि दुप्पट पैसे मोजून मुलांनाच गाडी हाकावी लागते. हा नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा अनुभव आहे आणि पाचवीचे मूल तो एका बैठकीत ऐकते. मराठी अनुवाद सहज मिळतात. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतील मातंग समाजाची मुलगी. तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. सातवी-आठवीच्या मुलींना आम्ही तो देतो आणि सांगतो, ही तुमच्याच वयाची होती. पुढे काही सांगावे लागत नाही.

दुःखाबरोबर कर्तृत्व आणि कुतूहलही द्यावे. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक आम्ही जितक्या मुलांना दिले, तितक्यांनी वाचून पुढे दुसऱ्याला दिले. गुलामीत जन्मलेला मुलगा भुईमुगाचा आणि मातीचा शास्त्रज्ञ होतो, हे आपल्या कोरडवाहू मुलखातील मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे निव्वळ मजेसाठी द्यावा. मजेचाही हक्क असतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात आणि रद्दीतही मिळतात. मासिकाला कमी लेखू नये. गोव्यातील सांखवाळचा एक तरुण, ज्याचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते, तो 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून अस्वस्थ झाला आणि पुढे धर्मानंद कोसंबी म्हणून जगाला ठाऊक झाला. येथेही पुस्तक बाहेरूनच आले होते.

आणि न आवडणारी पुस्तके? ती जाळण्याची वा लपवण्याची आवश्यकता नाही. मुलाने ती वाचावीत आणि विचारावे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. हे आमच्या विद्यालयातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तो उपदेश आपल्या स्वतःच्या पुस्तकांनाही लागू आहे, हे मात्र आपण मोठी माणसे विसरतो. सुभेदारांना रुचला नाही तसा प्रश्न आपल्या घरात मुलाने विचारला, तर आपण काय करतो, यावर आपल्या घरातल्या शाळेची परीक्षा आहे.

आता पुण्याच्या त्या माजी विद्यार्थ्याकडे वळतो. त्याची अडचण खोटी नाही. मुलीवर गृहपाठाचे ओझे आहे, वर्गात तिच्या प्रश्नाला वेळ नाही. घरी शिकवूनही प्रमाणपत्राची वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत. महाराष्ट्रातही मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे. शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळतो, म्हणून परतही येता येते. हीच तरतूद ऊसतोड कामगाराच्या मुलाचे कवच आहे. 'सहा महिने नव्हता, आता घेत नाही' असे कोणत्याही शाळेला म्हणता येत नाही, हे पालकांनी ठामपणे सांगावे. जाताना शाळेकडून शिक्षण हमी पत्रक जरूर मागून घ्यावे.

परंतु त्या विद्यार्थ्याला आम्ही एक प्रश्न विचारला. "तुझी मुलगी घरी शिकेल आणि उत्तम शिकेल. तिच्या शेजारी कोण बसेल?" त्याच्या स्वतःच्या शेजारी या विद्यालयात कोण बसत होते, हे त्याला आठवत होते. पारधी वस्तीवरचा, लमाण तांड्यावरचा, कोपीवरून आलेला. एका पंगतीत जेवून, एकाच हौदावर अंघोळ करून जे शिक्षण झाले, ते कोणत्याही पुस्तकसंचात विकत मिळत नाही. बंधुता हा विषय एकट्याने शिकता येत नाही. तेव्हा घरी शिकवायचेच असेल तर अवश्य शिकवावे, पण आठवड्यातून काही दिवस तरी सार्वजनिक वाचनालयात, विहारात, वस्तीतल्या मुलांबरोबर. तो अजून विचार करतो आहे. आम्ही त्याला घाई केलेली नाही.

शेवटी एक सूचना मांडतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपला समाज जितकी पुस्तके विकत घेतो, तितकी क्वचितच कोणता समाज घेत असेल. त्या पिशव्यांत अकरा वर्षांच्या मुलासाठी किती पुस्तके असतात? धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागेच टोळ्या कारखान्याला निघतात. माजी विद्यार्थ्यांनी तेथून येताना एकेक पुस्तक मुलांसाठी आणावे. विद्यालयाने पत्र्याच्या छोट्या पेट्या कराव्यात, प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या, कारण कोपीत पाणी येते. एका टोळीबरोबर एक पेटी जावी आणि पट्टा पडल्यावर परत यावी. टोळीतील जे मूल सर्वांत चांगले वाचते, त्याच्याकडे पेटीची किल्ली असावी. परतल्यावर प्रथम परीक्षा घेऊ नये; सहा महिन्यांत काय शिकलास, असे विचारावे आणि ऐकून घ्यावे.

ती पावती वाचणारी मुलगी आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. तिचे लेकरू एव्हाना सहावीत असू शकेल. ते कोणत्या कोपीवर असेल तेथे एखादी पेटी पोचावी, एवढ्यासाठी हा लेख.

जयभीम. नमो बुद्धाय.